चोवीस मीटरमधून पंधरा टॉवेल

बिराजदार बाई, अन्याय कुणावर झाला ते आधी लिहिते, कारण तुमच्या शोकसभेत ते एकानंही तोंडातून काढलं नाही. अन्याय झाला आपल्या शाळेच्या चौथीतल्या पाच मुलांवर आणि तुमच्यावर. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. त्या वेळी गणित-विज्ञान स्पर्धा घेणाऱ्या संस्थेनं फलकावर निकाल लावला आणि पाचही नावांपुढे एकच शेरा होता: 'सामूहिक नक्कल. अंतिम फेरीस अपात्र.' खाली बारीक अक्षरांत, 'मार्गदर्शक शिक्षिका बिराजदार यांचा सहभाग नाकारता येत नाही.' मुलांची नावं इथं लिहीत नाही. तुम्ही बजावलं होतं, "पत्रकात लेकरांची नावं टाकायची नाहीत, रेणुका. उद्या त्याच कागदात कुणीतरी चिवडा बांधतंय." ऐकते. एवढं एक ऐकते.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. शोकसभेत तुम्हाला शांत, मनमिळाऊ आणि शिस्तप्रिय म्हणाले. मनमिळाऊ? खिचडीच्या तांदळात खडे निघाले तेव्हा पोतं घेऊन आलेल्या पुरवठादाराला पहिलीच्या बाकावर बसवून ताटभर तांदूळ निवडायला लावणारी बाई मनमिळाऊ? आणि शांत तर आपल्या शाळेत कुणाला राहताच येत नाही. भिंतीपलीकडं दोन्ही पाळ्यांत लूम, टॉवेलांचे यंत्रमाग, चालतात. पाढे म्हणायचे ते ओरडून, शंका विचारायची ती ओरडून, पाणी प्यायला जायची परवानगीही ओरडूनच. एका परीक्षकानं आपल्या मुलांबद्दल लिहिलं होतं, 'हुशार आहेत, परंतु स्वर उद्धट.' तुम्ही तोच कागद परत पाठवलात, खाली एक ओळ लिहून: 'उद्धट नाहीत, लूमशेजारी वाढलेली आहेत.'

त्या उद्धट मुलांनी मिळवलेले चषक तुमच्या लोखंडी कपाटावर अजून आहेत. काही कपाटात आहेत, कारण वर जागा नाही. शहरात मोठ्या शाळांच्या मुलांचे फोटो चौकाचौकात लागतात. आपल्या मुलांचे लागले नाहीत. पण गणिताच्या स्पर्धेत ज्या शाळेचं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतून मुलं चप्पल हातात घेऊन धावत स्टेजवर जायची, ती आपली शाळा होती. विज्ञान प्रदर्शनाची ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली होती की मी तिथं नव्हते हेच विसरायला होतं. पत्र्यावर ओली पोती टाकली तर खालचा वर्ग किती गार होतो, हे मुलांनी आख्खा एप्रिल दर अर्ध्या तासानं मोजलं होतं. टेबलावर फक्त वही आणि थर्मामीटर. परीक्षक म्हणाले, "मॉडेल कुठंय?" तिसरीतला एकजण म्हणाला, "मॉडेल शाळेलाच हाय की. पत्रा उचकटून आणू का?" चषक मिळाला. आणि पोती शाळेनं कायमची ठेवली, हे तुम्हाला चषकापेक्षा मोठं वाटायचं.

हे सगळं कशानं झालं, ते शोकसभेत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही. ते चुकांच्या वहीनं झालं. आपल्या वर्गात खोडरबर नसायचा. चुकलं की खोडायचं नाही, ते मोठ्या वहीत लिहायचं. चुकीचं उत्तर, ते कसं आलं आणि खाली स्वतःचं नाव. शनिवारी तुम्ही आठवड्यातल्या चुका वाचून दाखवायच्या आणि ज्या चुकीत सगळ्यात जास्त डोकं लागलंय तिला आम्ही टाळ्या द्यायचो. दुसऱ्या शाळेतून आलेली मुलं पहिल्या शनिवारी रडायची. तिसऱ्या शनिवारपर्यंत त्यांच्यात चढाओढ लागायची. चूक सांगायला जे मूल भीत नाही ते अवघड गणिताला हात घालतं, असं तुमचं म्हणणं. चषकांचं गुपित एवढंच होतं. त्यात गुपितही नव्हतं, वही टेबलावर उघडी असायची.

माझीही चूक त्या वहीत आहे, चौथीतली. ताग्यातून टॉवेल किती निघतील असं गणित होतं आणि माझं उत्तर एकानं कमी आलं. मी झालर धरली होती. लूमवर टॉवेल सलग विणले जातात, पण दोन टॉवेलांच्या मधे थोडे धागे न विणता सोडतात. तिथं कापलं की त्याची झालर होते. आमच्या घरात हे शिकवावं लागत नाही. मी म्हणाले, "बाई, झालर नाही सोडली तर नायना ओरडतात." नायना म्हणजे माझे वडील. तुम्ही तुमच्या कानडीत म्हणालात, "हौदा? खरंच? किती सोडतात गं?" मला सांगता येईना. त्या संध्याकाळी तुम्ही पट्टी घेऊन आमच्या घरी आलात. नायनांनी चालू पाळीत लूम बंद केला. दसऱ्याच्या पूजेखेरीज मी तो बंद पाहिला नव्हता. एकदम इतकी शांतता झाली की शेजारच्या अम्मा बघायला आल्या, कुणाला काय झालं म्हणून. तुम्ही वाकून मोजलंत आणि म्हणालात, "दहा सेंटीमीटर." दुसऱ्या दिवशी माझ्या चुकीखाली तुमच्या अक्षरात ओळ होती: 'उत्तर चूक. विचार खरा. पण प्रश्नात नसलेलं धरलं. प्रश्न वाच.'

त्या दिवसापासून मी गणितात बरी झाले असं म्हणणार नाही. पण कुणी मला 'चूक' म्हटलं की मी खाली बघत नाही, समोर बघते. आज पत्रकं लिहिते, कचेऱ्यांत भांडते, ते त्याच जोरावर. तुमच्यापाशी हे कधी बोलले नाही. तुम्ही माझ्या पत्रकांवर लाल पेन चालवत होता आणि मी तुमच्यावर चिडत होते, त्यात राहून गेलं. 'ढिम्म अधिकारी' असं लिहिलं होतं त्यावर तुमचा शेरा: 'ढिम्म म्हणजे किती दिवस? आकडा घाल.'

यंदाच्या स्पर्धेत तोच प्रश्न आला, बाई. आकडे वेगळे, प्रश्न तोच. चोवीस मीटर लांबीच्या ताग्यातून दीड मीटरचे किती टॉवेल निघतील? छापील उत्तर सोळा. आपल्या पाचही मुलांनी लिहिलं पंधरा. दीडशे सेंटीमीटरांत झालरीचे दहा मिळवले, एकशेसाठ झाले, त्यानं चोवीसशेला भागलं, पंधरा. बाकी शून्य. उलट ते गणित इतकं चोख सुटलं की त्यांना शंकाच आली नाही. बाकी पेपर त्यांनी असा सोडवला होता की एवढं चुकूनही पाचही जण अंतिम फेरीत गेले असते. पण तपासणाऱ्याला पाच उत्तरपत्रिकांत एकच चुकीचं उत्तर दिसलं आणि त्यानं लिहून टाकलं, नक्कल.

निकालानंतरच्या शुक्रवारी दुपारी तीनला सुनावणी झाली. तुमची पिशवी धरायला म्हणून मी आले होते. टेबलापलीकडं तिघं. मधे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आवाज गोड. पाच जणांतल्या एका मुलीला त्यांनी पुढं बोलावलं.

"घाबरू नको बाळ. पंधरा हे उत्तर तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय."

"मग पाचही जणांचं पंधराच कसं आलं?"

"मग काय सोळा काडायचे? झालर कुटनं आनायची?"

टेबलापलीकडचे एकजण हसले. अध्यक्ष म्हणाले, "अगं, प्रश्नात झालर आहे कुठं?"

"प्रश्नात न्हाय. टॉवेलाला हाय की."

ती लूमशेजारच्या आवाजात बोलली. अध्यक्षांनी कानाला हात लावला. मग तुम्ही उभ्या राहिलात. "साहेब, पाच मुलं पाच बाकांवर होती. मधल्या बाकांवर दुसऱ्या शाळांची. त्यांनी सोळा लिहिलं. नक्कलच करायची होती तर शेजारचं सोळा सोडून आमची मुलं चार बाकांपलीकडचं पंधरा बघायला कशाला जातील?" मला वाटलं, जिंकलो. तुम्हालाही वाटलं असावं, कारण तुम्ही पिशवीतून ती जुनी वही काढलीत. माझं पान उघडून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "ही चूक आमच्या भागातलं मूल स्वतःच्या डोक्यानं करतं. हा पुरावा. ही बघा, ती मुलगी इथंच उभी आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावून पान वाचलं. "म्हणजे ही चूक तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक आहे?"

"हो."

"तरी तुमची मुलं अजून तीच करतात. याचा अर्थ हे उत्तर तुमच्या शाळेत ठरलेलं आहे."

तुम्ही पुरावा ठेवलात आणि त्याचाच आरोप झाला. बाई, मी ओरडले. "तुम्ही अंघोळ केल्यावर अंग कशानं पुसता हो, प्रश्नपत्रिकेनं?" असं म्हणाले आणि टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला सांडला, तुमच्या वहीवर. इतिवृत्तात लिहिलंय, 'शिक्षिकेसोबत आलेल्या महिलेने गोंधळ घातल्याने सुनावणी थांबवण्यात आली.' तुमचं बोलणं अर्धं राहिलं. ते मुलांमुळं राहिलं नाही, माझ्यामुळं राहिलं.

रिक्षात तुम्ही पदरानं ते पान टिपत होता. विजापूर वेस मागं पडल्यावर एवढंच म्हणालात, "तू ओरडलीस, आणि त्यांची ऐकायची जबाबदारी संपली." मी माफी मागितली नाही. मी म्हणाले, "त्यांनी तसंही ऐकलं नसतं." खरंच ऐकलं नसतं. तरी माफी मागायला हवी होती. आज मागते, आणि ती तुमच्यापर्यंत पोचत नाही हे मला कळतं.

रविवारी दुपारी मी तुमच्या घरी पत्रकाचा मसुदा घेऊन आले. मथळा होता, 'पंधरा हेच बरोबर!' तुम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. वाचलंत आणि लाल पेन मागितलंत. मथळाच कापला.

"पंधरा चूक आहे," तुम्ही म्हणालात.

"बाई! तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"गणिताच्या. प्रश्नात झालर दिलेली नाही. जे दिलं नाही ते धरायचं नाही. परवा मुलांनाही तेच सांगितलं."

"टॉवेल कधी न बघितलेल्या माणसानं प्रश्न काढला आणि चूक आपल्या पोरांची?"

"अय्यो, ऐक तरी. तू त्यांना बरोबर ठरवायला निघालीस. बरोबर असलेल्याच्या बाजूनं कुणीही उभं राहतं गं. माझी पोरं चुकली आहेत. चुकलेल्या पोराला चोर म्हणायचं नाही, मला एवढंच पाहिजे. हे तू लिहिणार असशील तर लिही."

मी मसुदा ओढून घेतला आणि म्हणाले, "असं लिहिलं तर कोण येणार? लोकांना कुणीतरी जिंकलेलं लागतं." तुम्ही पुढ्यातल्या शेंगा माझ्याकडं सरकवल्या. मी घेतल्या नाहीत. दारातून मागं वळूनही बघितलं नाही. बुधवारी सकाळी शाळेला निघताना, पायात चप्पल सरकवता सरकवता, तुम्ही उंबऱ्यात बसलात आणि तिथंच संपलं.

त्या शेऱ्यानं तुमचा जीव घेतला असं मी लिहिणार नाही. लिहायला हात शिवशिवतो. पण तुम्ही समासात विचारलं असतं, 'हे कशावरून?' डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. तेवढंच लिहिते. आणखी एक लिहिते, ते मात्र मोजता येतं: आयुष्यभर मुलांना चूक लपवू नका म्हणून शिकवलेल्या बाईचं नाव शेवटचं ज्या सरकारी थाटाच्या कागदावर आलं, त्यावर तिला नक्कलीत ओढलं होतं. आणि तो कागद अजून फलकावर आहे. मी काल बघून आले.

शोकसभेला त्याच संस्थेकडून हार आला. निशिगंधाचा, मोठा, संस्थेच्या नावाची चकचकीत पट्टी लावलेला. मी तो उचलला, स्कूटीच्या हँडलला अडकवला आणि त्यांच्या कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवला. कारकून गडबडला.

"मॅडम, हार परत घ्यायची पद्धत न्हाय आमच्याकडं. आवक-जावकमधी कुटं लिवू?"

"जिथं नक्कल लिहिलंत, त्याच्या खाली लिहा."

तो बिचारा खरंच रजिस्टर उघडायला लागला. तुम्ही हे बघितलं असतं तर मला आधी रागावला असता आणि वर्गात जाऊन हसला असता.

आपलं भांडण संपलेलं नाही, बाई. मी अजून म्हणते, प्रश्न काढणाऱ्याचीही चूक आहे आणि त्याची कुठं नोंद होत नाही. गावच्या टॉवेलवर प्रश्न काढायचा, तर गावातल्या एका लूमपाशी पाच मिनिटं उभं राहायला काय जातं? तुम्ही म्हणाल, ते वेगळं पत्रक. ठीक. पण परवा शाळेत गेले तर ती पाच मुलं मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सराव करत बसली होती. अपात्र आहेत हे त्यांना माहीत आहे. तरी बसली होती. सुनावणीत बोललेली मुलगी मला म्हणाली, "ताई, परत टॉवेल आला तर काय लिवायचं? सोळा का पंधरा?" माझ्या तोंडावर पंधरा आलं होतं. आख्खं पत्रक तयार होतं माझ्याकडं. मी म्हणाले, "प्रश्न वाच. झालर दिली असेल तर पंधरा. नसेल तर सोळा." तिनं मान हलवली आणि पुढचं गणित काढलं. तुमचं उत्तर मी तिला दिलं, माझं नाही दिलं. म्हणून हे पत्रकही तुम्ही सांगितलं तसं लिहिलंय. यात कुठंही मुलं बरोबर होती असं म्हटलेलं नाही.

आता बाईंशी बोलणं थांबवते. हे वाचणाऱ्या तुमच्याशी बोलते.

अंतिम फेरीला तीन आठवडे उरलेत. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. मेमध्ये ही पाच मुलं पाच वेगवेगळ्या शाळांत पांगतील आणि नव्या शाळेत त्यांच्या दाखल्यासोबत हा शेरा पोचेल. जूनमध्ये दिलगिरीचं पत्र आलं तर ते घ्यायला इथं कुणी नसेल. बाईही नाहीत. त्यामुळं जे व्हायचं ते या तीन आठवड्यांत.

तुम्ही कधी या स्पर्धेचे पेपर तपासले असतील, तर पाच उत्तरपत्रिका मागून घ्या आणि त्या प्रश्नासमोरची मुलांची आकडेमोड स्वतः वाचा. तुम्ही लूमवर काम करत असाल, तर दोन टॉवेलांत किती जागा सोडता ते तुमच्या हातानं कागदावर लिहून द्या. तुम्ही शिक्षक असाल, तर आयुष्यात एकदा तरी सगळ्या वर्गानं मिळून एकच चूक केलेली तुम्ही पाहिली आहे. ते लिहून द्या. घाबरत असाल तर माझ्या मागं उभे राहा. ओरडणार मी नाही, या वेळी नाही.

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात या. मागण्या दोन. पाच मुलांपुढचा 'नक्कल' हा शब्द आणि बाईंच्या नावाची ओळ काढा. मुलांना अंतिम फेरीला बसवा. त्या प्रश्नाचा गुण देऊ नका, आम्ही मागत नाही. अर्ज टेबलावर असेल. 'एक नागरिक' असं लिहू नका. पूर्ण नाव लिहा, पत्ता लिहा, आणि सही करा.